डीसम की समइफ्स? दूध संकलन केंद्राच्या नोंदींवर तीन स्प्रेडशीटांची पारख

आमच्या गावातील दूध संकलन केंद्राच्या नोंदी आणि पगाराचा हिशेब मी सहा वर्षांपासून सांभाळतो. उत्पादक ६३, संकलन सकाळ-संध्याकाळ आणि दुधाचा पगार दर दहा दिवसांनी, असा हा कारभार आहे. तारीख, सत्र, कोड, नाव, गाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) आणि दर असे नऊ रकाने असलेली एकच लांबलचक यादी, एवढाच आमचा डेटाबेस. या यादीवर बेरीज, सरासरी, मोजणी आणि थोडेफार सांख्यिकी काढण्यासाठी मायक्रोसॉफ्ट एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क आणि गुगल शीट्स या तिन्ही स्प्रेडशीटांमधील फंक्शने मी एकाच फाइलवर, एकाच निकषाने चालवून पाहिली, आणि त्या अनुभवावर हे परीक्षण लिहीत आहे. फंक्शनांची नावे प्रत्यक्ष सेलमध्ये रोमन अक्षरांत लिहावी लागतात. येथे ती उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत.

सुरुवात डेटाबेस फंक्शनांपासून करतो, कारण आजकाल त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही आणि मला ते अन्यायाचे वाटते. डीसम, डीएव्हरेज, डीकाउंट, डीकाउंटए, डीमॅक्स, डीमिन, डीगेट, डीप्रॉडक्ट आणि आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत ते सांगणाऱ्या प्रमाण विचलन व प्रचरण यांची प्रत्येकी दोन, अशी ही बारा जणांची जुनी पंगत आहे. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये ही कल्पना होती. एक्सेलने ती पुढे चालवली, आणि कॅल्क व गुगल शीट्सनेही ती तशीच घेतली. सर्वांची रचना एकसारखी असते : आधी शीर्षकासह पूर्ण यादी, मग कोणत्या रकान्यावर हिशेब करायचा त्याचे नाव, आणि शेवटी निकषांची एक छोटी चौकट. या चौकटीत वरच्या ओळीत रकान्यांची शीर्षके आणि खाली अटी लिहायच्या असतात. एका ओळीतील अटी ‘आणि’ने जोडल्या जातात, वेगवेगळ्या ओळींतील अटी ‘किंवा’ने. सूत्र न वाचता केवळ चौकट पाहून कोणालाही हिशेब कळतो, आणि हिशेब तपासायला येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा गुण फार मोठा आहे.

‘किंवा’ची किंमत मला एका साध्या प्रश्नावरून कळली. गाईच्या दुधाचा आधारभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्यामुळे फॅट ३.२ पेक्षा कमी किंवा एसएनएफ ८.२ पेक्षा कमी असलेल्या नोंदी किती, हे केंद्राच्या सचिवांना हवे होते. मी दोन काउंटइफ (एक अट पूर्ण करणारे सेल मोजणारे फंक्शन) लिहिले आणि त्यांची बेरीज केली. एका गावाच्या ४० नोंदींपैकी फॅट कमी असलेल्या ११ आणि एसएनएफ कमी असलेल्या ९, म्हणजे एकूण २० नोंदी निकृष्ट, असे मी छापून दिले. त्यातील ४ नोंदींमध्ये फॅट आणि एसएनएफ दोन्ही कमी होते आणि त्या दोनदा मोजल्या गेल्या होत्या. खरे उत्तर १६ होते. डीकाउंटला मात्र दोन ओळींची चौकट दिली की प्रत्येक नोंद एकदाच मोजली जाते, कारण ते फंक्शन नोंद हातात घेऊन ‘ही कोणत्याही एका ओळीत बसते का’ एवढेच विचारते. काउंटइफ्सनेही हे साधते, पण त्यासाठी दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या नोंदींची वजाबाकी आपल्याला आठवणीने करावी लागते, आणि अटी तीन झाल्या की ती वजाबाकी कागदावर मांडल्याशिवाय सुचत नाही.

आता याच फंक्शनांचा दोष सांगतो, जो मला एका वाहतूक बिलात भोवला. आमच्याकडे वडगाव आणि वडगाव खुर्द अशी दोन गावे आहेत. एक्सेलमध्ये डीसमच्या चौकटीत गावाच्या शीर्षकाखाली ‘वडगाव’ लिहिले, आणि उत्तर ३,०५५ लिटर आले. प्रत्यक्षात वडगावचे दूध १,८४० लिटर होते. उरलेले १,२१५ लिटर वडगाव खुर्दचे. एक्सेलच्या डेटाबेस फंक्शनांमध्ये नुसता मजकूर लिहिला तर त्याचा अर्थ ‘या मजकुराने सुरू होणारे सर्व’ असा घेतला जातो. बुद्रुक, खुर्द, शेरी, मावळ असे जोडशब्द लावून एकाच नावाची चार-चार गावे जिथे नांदतात, त्या महाराष्ट्रात हा नियम म्हणजे पायात पाय घालण्याचाच प्रकार आहे. उपाय असा की निकषाच्या सेलमध्ये ="=वडगाव" असे लिहावे, म्हणजे बरोबर तेवढेच नाव जुळते. गंमत अशी की त्याच एक्सेलमधील, अटी थेट सूत्रात घेऊन बेरीज करणारे समइफ्स मात्र ‘वडगाव’ म्हटले की वडगावच घेते. म्हणजे एकाच कार्यक्रमात शेजारी शेजारी बसलेली दोन फंक्शने एकाच शब्दाचे दोन अर्थ लावतात. कॅल्कमध्ये मूळ मांडणीत निकष पूर्ण सेलशी जुळावा लागतो, त्यामुळे तिथे डीसमनेही १,८४० हेच उत्तर दिले. हे वर्तन कॅल्कच्या पर्यायांमध्ये बदलता येते, आणि तिथेच वाइल्डकार्ड (कोणत्याही अक्षरांच्या जागी * किंवा ?) चालवायचे की रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचे नमुने लिहिण्याची सांकेतिक भाषा) हेही ठरवावे लागते. दुसऱ्या कोणी रेग्युलर एक्स्प्रेशन चालू ठेवून बनवलेली फाइल हातात आली, तर ‘रा. पाटील’ या नावातील टिंब ‘कोणतेही एक अक्षर’ असे वाचले जाते, हे ध्यानात ठेवावे.

चौकटीचा आणखी एक सापळा आहे. चौकटीचा पट्टा निवडताना खाली एक रिकामी ओळ चुकून आत आली, तर एक्सेल त्या ओळीला ‘कोणतीही अट नाही’ असे समजते आणि ‘किंवा’ च्या नियमाने सगळीच यादी हिशेबात घेते. चूक दाखवणारा कोणताही इशारा येत नाही, फक्त आकडा फुगलेला दिसतो. डीकाउंट फक्त अंक मोजते, नावाच्या रकान्यावर चालवले तर शून्य देते. तिथे डीकाउंटए वापरावे. डीगेट मात्र मला मनापासून आवडते. कोड देऊन उत्पादकाचे नाव काढायला सगळे व्हीलुकअप वापरतात, आणि उत्पादकांच्या यादीत तोच कोड दोघांना दिला गेला असेल तर व्हीलुकअप पहिले नाव देऊन मोकळे होते. डीगेट मात्र एकाहून अधिक नोंदी सापडल्या की चूक दाखवून अडून बसते. उत्पादकांच्या यादीतील दुहेरी कोड मला डीगेटच्या या हट्टामुळेच सापडला.

असे असूनही रोजच्या कामाला मी डी-कुटुंब वापरत नाही, याचे कारण सरळ आहे. ही फंक्शने खाली ओढता येत नाहीत. ६३ उत्पादकांची दहा दिवसांची बेरीज हवी असेल तर ६३ चौकटी मांडाव्या लागतील. इथे समइफ्स, काउंटइफ्स आणि ॲव्हरेजइफ्स यांना पर्याय नाही. कोडचा सेल दाखवायचा, तारखेच्या दोन मर्यादा द्यायच्या आणि सूत्र खाली ओढायचे. एक्सेलमध्ये ही तिन्ही २००७ च्या आवृत्तीत आली, आणि त्यांना १२७ अटींपर्यंत देता येतात, जरी मला पाचांच्या पुढे कधी जावे लागले नाही. तिन्ही स्प्रेडशीटांमध्ये त्यांची उत्तरे माझ्या फाइलवर शेवटच्या दशांशापर्यंत जुळली. तक्रार एकच, आणि ती क्रमाची आहे : समइफमध्ये बेरजेचा रकाना शेवटी येतो, समइफ्समध्ये तोच सुरुवातीला. एका अक्षराने नाव वाढले म्हणून क्रम उलटा करण्याचे शहाणपण कोणाला सुचले असेल, देव जाणे. त्यातल्या त्यात बरे हे की समइफ्सला असमान लांबीचे पट्टे दिले तर ते चूक दाखवते. समइफ मात्र एक्सेलमध्ये बेरजेचा पट्टा स्वतःच कमी-जास्त करून घेते आणि काहीतरी उत्तर देते.

मॅक्सइफ्स आणि मिनइफ्स ही धाकटी भावंडे आहेत, आणि त्यांच्यापासून सावध राहावे. अट पूर्ण करणारी एकही नोंद नसेल तर ॲव्हरेजइफ्स शून्याने भागल्याची चूक दाखवते, पण मिनइफ्स मुकाट्याने शून्य देते. एका उत्पादकाची गाय आटल्यामुळे त्या दहा दिवसांत त्याचे दूध आलेच नव्हते, आणि माझ्या तक्त्यात त्याचे ‘सर्वांत कमी फॅट ०.०’ असे छापले गेले. त्या उत्पादकाने तो कागद केंद्रावर आणून विचारले, “दूधच घातलं नाही तर फॅट कशाची मोजली?” तेव्हापासून मिनइफ्सच्या आधी काउंटइफ्सने नोंदी आहेत की नाहीत हे तपासणे मी सोडत नाही.

गुगल शीट्सचे खास अस्त्र म्हणजे क्वेरी. गावानुसार गट पाड, लिटरची बेरीज कर, मोठ्यापासून लहानापर्यंत लाव, हे सगळे एका सूत्रात लिहिता येते. ज्यांना एसक्यूएलची (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेची) थोडी ओळख आहे त्यांना ते अर्ध्या तासात जमेल, आणि जमल्यावर पिव्होट टेबलकडे (गटवार सारांश काढणाऱ्या तयार तक्त्याकडे) वळावेसे वाटणार नाही. पण क्वेरी प्रत्येक रकान्याला एकच प्रकार मानते, म्हणजे अंक किंवा मजकूर, आणि बहुसंख्य सेल ज्या प्रकारचे असतील तो प्रकार धरून उरलेल्यांना रिकामे समजते. आमच्याकडे १२ क्रमांकाच्या उत्पादकाच्या घरात वाटणी झाल्यावर धाकट्या भावाला १२अ असा कोड दिला होता. कोडच्या रकान्यात बाकी सगळे अंकच असल्यामुळे क्वेरीच्या तक्त्यातून १२अ अदृश्य झाला. त्याचे दूध एकूण बेरजेत होते, पण त्याच्या नावावर नव्हते. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही, फक्त बेरजा ताडून पाहिल्या तरच सापडते. पूर्ण रकाना मजकूर म्हणून ठेवला की प्रश्न मिटतो. एक्सेलच्या वर्गणीच्या आवृत्तीत फिल्टर, युनिक आणि सॉर्ट आहेत आणि कॅल्कमध्येही ती २४.८ या आवृत्तीपासून आली आहेत. त्यांच्या जोडणीने क्वेरीचे बरेचसे काम होते, पण एका सूत्रात नाही.

आता सांख्यिकीकडे वळतो. इथे तिन्ही कार्यक्रमांत डावे-उजवे फार कमी आहे. धोका फंक्शन निवडणाऱ्याच्या हातात असतो. दुधाच्या धंद्यात सर्वांत जास्त होणारी चूक साध्या ॲव्हरेजची आहे. एका उत्पादकाने सकाळी १२ लिटर दूध ३.४ फॅटचे घातले आणि संध्याकाळी ४ लिटर ४.२ फॅटचे. ॲव्हरेज सांगते ३.८, पण एकत्र केलेल्या १६ लिटर दुधाची फॅट ३.६ आहे. दोन्ही आकड्यांमधील ०.२ फॅट म्हणजे दरपत्रकाच्या दोन पायऱ्या, आणि ६३ जणांच्या पगारात त्याचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. एक्सेल आणि कॅल्कमध्ये योग्य फंक्शन सरासरीच्या यादीत नाहीच (गुगल शीट्समध्ये ॲव्हरेज.वेटेड आहे). लिटर आणि फॅट यांचा समप्रॉडक्ट, म्हणजे ओळीवार गुणाकारांची बेरीज, काढून त्याला लिटरच्या बेरजेने भागावे लागते. डीएव्हरेज आणि ॲव्हरेजइफ्स या दोघांनाही भारित सरासरी येत नाही, आणि हा मी तिन्ही कार्यक्रमांचा मोठा उणेपणा समजतो. मी लिटर गुणिले फॅट असा दहावा रकाना जोडून त्यावर समइफ्स चालवतो.

दुसरी चूक रिकाम्या सेलची. दहा दिवसांपैकी आठ दिवस दूध आले आणि एकूण ७२ लिटर झाले. उरलेले दोन सेल रिकामे असतील तर ॲव्हरेज ९ लिटर सांगते, त्यांत शून्य लिहिले असेल तर ७.२. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत : ‘दूध घालतात त्या दिवशी किती’ आणि ‘दररोज धरून चालावे तर किती’. संकलनाची गाडी ठरवताना दुसरे हवे असते. ॲव्हरेजए हे तिसरे भावंड तर मजकुरालाही शून्य मानते. ‘गैरहजर’ असे लिहिलेला सेलही ते भाजकात धरते.

विचलनाबाबत एक छोटे उदाहरण समोर ठेवतो. एका सत्रातील आठ उत्पादकांचे लिटर असे : ४, ६, ७, ९, १०, १२, १५, २१. सरासरी १०.५, मध्यक ९.५. प्रमाण विचलनाचे स्टडेव्ह.एस हे फंक्शन ५.४८ देते आणि स्टडेव्ह.पी ५.१२, कारण सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २१० पहिले सातने भागते आणि दुसरे आठने. हे आठजण म्हणजे संपूर्ण वस्तीच असेल तर पी, आणि मोठ्या गटातून उचललेला नमुना असेल तर एस. चतुर्थकांत, म्हणजे क्रमाने लावलेल्या नोंदींचे चार समान भाग पाडणाऱ्या आकड्यांत, फरक याहून जास्त दिसतो. क्वार्टाइल.इंक पहिले चतुर्थक ६.७५ आणि तिसरे १२.७५ देते, क्वार्टाइल.एक्स तेच ६.२५ आणि १४.२५. पहिले फंक्शन स्थान मोजताना ‘एकूण उणे एक’ धरते, दुसरे ‘एकूण अधिक एक’. नोंदी हजारो असतील तर फरक विरून जातो, पण आठ-दहा नोंदींवर बक्षिसाची किंवा दंडाची रेषा आखायची असेल तर कोणते वापरले ते कागदावर लिहूनच ठेवावे. ठिपक्यांची ही नावे एक्सेलमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून आहेत. स्टडेव्ह आणि क्वार्टाइल ही जुनी नावेही चालतात आणि ती अनुक्रमे एस आणि इंक यांचीच उत्तरे देतात.

अचूकतेच्या बाबतीत जुन्या लोकांच्या मनात एक्सेलविषयी अढी असते, आणि तिला कारण होते. २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत प्रमाण विचलन एकाच फेरीत, वर्गांच्या बेरजेतून बेरजेचा वर्ग वजा करण्याच्या कॅल्क्युलेटरी पद्धतीने काढले जात असे. आकडे प्रचंड मोठे आणि त्यांच्यातील फरक अगदी लहान असला की पंधरा अंकांच्या मर्यादेत तो फरकच वाहून जाई. २००३ मध्ये ते आधी सरासरी आणि मग फरक अशा दोन फेऱ्यांत काढणे सुरू झाले. आजच्या तीनपैकी कोणत्याही कार्यक्रमात आमच्यासारख्या आकड्यांवर ही भीती बाळगण्याचे कारण नाही. तयार विश्लेषणाच्या मेनूत मात्र मी कॅल्कला पुढे ठेवीन : एक्सेलचे विश्लेषण ॲड-इन (वेगळे जोडायचे साधन) आधी चालू करून घ्यावे लागते आणि ते उत्तरे गोठलेल्या आकड्यांत टाकते, तर कॅल्कचा सांख्यिकी मेनू सूत्रे लिहून देतो, त्यामुळे मागची नोंद दुरुस्त केली की उत्तरही बदलते.

फंक्शन निर्दोष असून पट्टा चुकला तर काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अर्थशास्त्रातले आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर मांडलेल्या निबंधाच्या एक्सेल फाइलमध्ये सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ या ओळींवरच लावले गेले होते, आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश सरासरीतून सुटले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह, इतर आक्षेपांबरोबर, ही चूक दाखवून दिली. सेलचे पत्ते हाताने लिहिण्याऐवजी यादीचे टेबल करून त्याला नाव द्यावे, हा धडा मी त्यातून घेतला. एक्सेलमध्ये टेबल केले की नवीन ओळ आपोआप हिशेबात येते.

मराठी नोंदींचा एक प्रश्न कोणत्याही मदतपुस्तिकेत सापडणार नाही, तो हा. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव संगणकात दोन पद्धतींनी लिहिले जाते : एक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरे साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, काउंटइफ्सला नाहीत. आमच्या केंद्रावर दिवसा एक मुलगा आणि संध्याकाळी दुसरा नोंद करतो, दोघांचे कळफलक वेगळे, आणि त्यामुळे एकाच माणसाचे सकाळचे दूध एका नावावर आणि संध्याकाळचे दुसऱ्या नावावर जमा होत राहिले. निकष नावावर लावायचा नाही, कोडवरच लावायचा, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. गावाचे नाव तर यादीतून निवडायला लावतो, टंकू देत नाही.

क्षमतेचे थोडक्यात. आमच्या वर्षाला ४५,९९० ओळी होतात. एक्सएलएस या जुन्या स्वरूपाच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, म्हणजे आमचे केंद्र साधारण ५२० दिवसांत ती भरून टाकील. याच मर्यादेमुळे २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या अहवालांतून कोरोनाच्या १५,८४१ नोंदी सुटल्या होत्या. आजच्या एक्सेल आणि कॅल्कमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. गुगल शीट्सची मर्यादा ओळींवर नसून एकूण १ कोटी सेलवर आहे; दहा रकाने धरले तर १० लाख ओळी, पण दोन वर्षांच्या नोंदींवर समइफ्सचे ६३ गुणिले दहाचे तक्ते मांडले की आमच्या ब्रॉडबँडवर पान उघडायला चहा होऊन जातो.

सध्या व्यवस्था अशी आहे. रोजची नोंद गुगल शीट्समध्ये, कारण दोन्ही मुले आपापल्या मोबाइलवरून ती भरतात आणि दोघांपैकी कोणी काय बदलले ते इतिहासात दिसते. दहा दिवसांचा पगार कॅल्कमध्ये समइफ्सवर, कारण तो विनामूल्य आहे आणि केंद्राच्या जुन्या संगणकावर बसला आहे. एक्सेल सचिवांच्या लॅपटॉपवर आहे आणि तिथे फक्त वार्षिक तपासणीची फाइल राहते, ज्यात डीसम आणि डीकाउंटच्या नऊ चौकटी पिवळ्या रंगात, ="=वडगाव" सह, उत्तरांच्या शेजारीच छापल्या जातात. यंदा लेखापरीक्षकांनी सूत्र एकही उघडले नाही. चौकटी वाचल्या, दोन ठिकाणी पेन्सिलीने अट बदलून पुन्हा छापायला सांगितले, आणि तिसऱ्या चौकटीत मी तारीख ३१ ऐवजी ३० लिहिल्याचे त्यांनीच दाखवले.